पुलावरची माणसं काय बोलत होती

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि या खेपेला विनंती खरोखरच विशेष आहे, तेव्हा आधी चष्मा पूस.

पहिली बातमी कामाची. परक्या राजवटीवर एक मोठा सिनेमा होतोय आणि त्याचं संकलन माझ्याकडे आलंय. चित्रित केलेल्या ढिगातून काय ठेवायचं, काय कापायचं आणि कशाला काय जोडायचं, ते बघायचं. तू कापड कापतेस तसंच, फक्त माझं चुकलं तर पुन्हा जोडता येतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आता पडद्यावर माझं नाव एकटं येणार. आमच्या दिग्दर्शकांना आम्ही माघारी सरसेनापती म्हणतो, कारण ते चहासुद्धा चढाई केल्यासारखा मागवतात. पण माणूस वाईट नाही. बाबांनी ही बातमी अख्ख्या गल्लीला सांगून टाकली आहे. तुला तरी मीच कळवणार, असं त्यांना बजावलं होतं. मोबाइलवरच्या निरोपांना तू उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आता विनंती. सरकारी संग्रहातून आम्हाला एक जुनं रीळ मिळालं. लाटसाहेब नव्या पुलाचं उद्घाटन करायला आले, तेव्हा त्यांच्याच माणसांनी टिपलेलं. मुकं आहे. सुरुवातीला पाटी येते, की कृतज्ञ प्रजा आपल्या राज्यकर्त्यांचं स्वागत करत आहे. मग पूल, घोडे, पताका, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली आपली माणसं. आत्या, त्या काळाबद्दल मी शाळेत पानंच्या पानं पाठ केली, सिनेमे तर किती पाहिले, पण तेव्हाची खरी माणसं हलताना मी पहिल्यांदा पाहिली. त्यातली एक बाई नाक खाजवते. एवढंच. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आणि ही माणसं सारखी बोलतायत. सरसेनापतींचा बेत असा, की पन्नास माणसं गोळा करून त्यांच्याकडून घोषणा वदवून घ्यायच्या आणि त्या या तोंडांवर बसवायच्या. साहेबाने यांना कृतज्ञ दाखवलं, आपण पेटलेलं दाखवू, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलंही होतं. पण काल जेवताना एकदम तुझ्या दुकानातला आरसा आठवला. तू मागून खांद्याचं माप घेत असतेस आणि गिऱ्हाईक शेजारच्या बाईशी काय पुटपुटतंय ते समोरच्या आरशात वाचत असतेस. तापाने तुझे कान नेले, पण गावाची गुपितं आणून दिली, असं बाबा नेहमी म्हणतात.

तर रिळातली चार मिनिटं पाठवते आहे. औषधवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर बघ आणि ही माणसं काय बोलतायत ते सांग. तुझी माया आहेच, ती या चार मिनिटांवरही असू दे.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, दोन्ही हात भरून आशीर्वाद.

तुझ्या नावाची पाटी येणार हे वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. एका वकीलसाहेबांचा कोट लटकलेलाच राहिला. त्यांना सांगितलं की घरात कार्य आहे.

तुझी चार मिनिटं पाहिली. पुन्हा पाहिली. औषधवाला कंटाळून जेवायला गेला तरी पाहत बसले. एक अक्षर कळलं नाही. मी भल्याभल्या भांडखोर बायकांना आरशात वाचलंय, पण इतक्या वेगाने माणसाचा जबडा चालत नाही. सगळेच मागे कुत्रं लागल्यासारखे लगबग करतायत आणि तुझी ती नाक खाजवणारी बाई तर एका झटक्यात खाजवून मोकळी. त्या काळी माणसं अशीच होती असं तुझं म्हणणं असेल तर मी नाही मानत. तुमच्या यंत्रात काहीतरी घोटाळा आहे, तो आधी बघ.

सिनेमा आणि मी यांचं तसंही फार जमत नाही. नायक महत्त्वाचं बोलायचं झालं की हमखास पाठ फिरवतो. मिशा तर माझ्या जन्माच्या वैरी. आणि या साहेबाच्या राजवटीवरचे जे सिनेमे येतात, त्यात एक तर साहेब ओठ न हलवता बोलतो, नाहीतर आपली माणसं आ वासून एकच शब्द ओरडत असतात. मला नेहमी प्रश्न पडतो की यांना भूक लागत नसेल का, यांच्या पोराचं नाक गळत नसेल का.

तुझे सरसेनापती त्या लोकांच्या तोंडी घोषणा घालणार, हे वाचून मात्र मी चिडले. सांगते का ते. दाढ दुखत होती म्हणून तुझ्या बाबाबरोबर डॉक्टरकडे गेले, तर माझ्या वतीने तोच बोलला. दोन मिनिटं बोलला आणि मला पोटाचं औषध मिळालं. जन्मभर माझ्या वतीने कोणी ना कोणी बोलत आलंय, आणि सगळे प्रेमानेच बोलतात. त्या बायामाणसांच्या वतीने आधी साहेब बोलला, आता तुम्ही बोलणार. त्यांना एकदा विचारा तरी.

वेळेवर जेवत जा. लोभ धरून आहेच.

आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि कान पकडून.

घोटाळा यंत्रातच होता. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, तुझ्या शिलाई यंत्राचं चाक हाताने फिरवावं तसा. फिरवणाऱ्याचा हात चालेल तो वेग. आमची आजची यंत्रं ते रीळ आपल्या ठरलेल्या वेगाने पळवतात, म्हणून ती माणसं तुरुतुरु धावतात. हे मला शिकवलेलं होतं, पण कधी मनावर घेतलं नाही. आमच्या धंद्यात सगळेच जुनं रीळ तसंच पळवतात, कोणाला काही वाटत नाही. आपले पूर्वज चावी दिलेल्या खेळण्यासारखे उड्या मारताना पाहून मी लहानपणापासून हसत आले.

मग मी आणि ध्वनिमुद्रण करणारे दादा बसलो. योग्य वेग कळणार कसा? दादा म्हणाले, पाणी खोटं बोलत नाही. रिळात एका ठिकाणी शिपाई धुळीवर बादलीने पाणी मारतो. आम्ही अंगणात जाऊन बादलीने पाणी मारलं, ते टिपलं आणि दोन्ही पाणी एकसारखं पडेपर्यंत रीळ हळू करत गेलो. माळी आमच्याकडे बघतच राहिला.

आणि आत्या, ते जमलं तेव्हा काय झालं ते कसं सांगू. ती माणसं थांबली. म्हणजे हलतच होती, पण माणसांसारखी. एक म्हातारी थकून या पायावरचा भार त्या पायावर घेते, ते आधी दिसतच नव्हतं. दादांनी नकळत टोपी काढून मांडीवर ठेवली.

नवी प्रत पाठवते आहे. वेग उतरल्यावर ती चार मिनिटांहून लांबली, पण आपण तिला चार मिनिटंच म्हणू. सरसेनापतींना अजून काही सांगितलेलं नाही. आता तू सांगशील ते.

तुझी,
भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे पत्र सावकाश वाच. मी फार सावकाश लिहिलं आहे.

मला वाचता आलं. सगळं नाही. प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात, कोणी मान वळवतं, कोणाचा हात आड येतो. जिथे खात्री नाही तिथे मी सोडून दिलंय, आणि तूही ते सोडूनच द्यायचं. भर घालायची नाही.

नाक खाजवणारी बाई कडेवरच्या पोरीला सांगते आहे की हात हलव, हात हलवला की लवकर घरी सोडतील. पोर विचारते की कोणाला हलवू. बाई म्हणते की कोणालाही. म्हणजे यांना आणून उभं केलं होतं, भिंगरी. तुझ्या पाटीवरची कृतज्ञ प्रजा ती ही.

तिच्या मागे दोन पुरुष आहेत. उंच आहे तो पुलाकडे बघत सांगतो की त्याचा भाऊ तिसऱ्या खांबाखाली गेला. पाया खणताना माती आत आली, आणि काम थांबवायचं नाही असा हुकूम होता. अगदी साध्या चेहऱ्याने सांगतो. दुसरा टोपी काढतो आणि लगेच पुन्हा घालतो. मग उंच माणूस त्याला विचारतो की नव्या वहाणा चावतायत का. मी इथे उठले आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. औषधवाल्याने पाणी आणून दिलं.

थकलेली म्हातारी माझी सगळ्यात लाडकी. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते, म्हणजे माझ्याकडेच. कॅमेरा फिरवणाऱ्याला विचारते की या पेटीत तू आम्हाला घेतोयस, ते दाखवणार कोणाला. ती जरा वाट बघते आणि मग दुसरीकडे बघायला लागते.

तिच्याजवळ एक आपल्यातलाच पोलीस उभा आहे, तोही तिला काहीतरी म्हणतो. पण त्याच्या मिशा झुपकेदार आणि औषधवाल्याचा पडदा वीतभर, तेव्हा तो राहिला.

मी इतकी वर्षं लोकांचे ओठ वाचते आहे. चहाड्या, कुचाळक्या, माझ्याबद्दलची कीव, सगळं वाचलं. पण जी माणसं जाऊन इतका काळ लोटला, त्यांनी माझ्याशी बोलावं, आणि ऐकू येणाऱ्या कोणाशीही न बोलता माझ्याशी बोलावं, याने मी भारावून गेले आहे. काल एका बाहीला उलटी कॉलर लावत होते, म्हणजे बघ.

तुझी,
आत्या


४ मार्च

ती. आत्यास, नमस्कार.

सरसेनापती भडकले. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवत होते, चावणाऱ्या वहाणांपर्यंत त्यांनी ऐकलं आणि मग हात वर केला. म्हणाले की साहेबाच्या कॅमेऱ्याने आपल्याला कायम मान खाली घातलेलं दाखवलं, आता पडद्यावर तरी मान वर दिसली पाहिजे. वहाणा चावतात हे बघायला कोण येणार? शिवाय एका शिंपीणबाईने घरी बसून ओठ वाचले, ते खरे कशावरून? मी म्हटलं की खोट्या घोषणा मी बसवणार नाही. तर ते शांतपणे म्हणाले की मग दुसरं कोणी बसवेल आणि नावही त्याचंच येईल.

मी रडले, पण खोलीबाहेर येऊन. एक मात्र त्यांनी कबूल केलं. तू इथे ये, मोठ्या पडद्यावर त्यांच्यादेखत वाच. पटलं तर विचार करतील. येशील का? तुला अवघड वाटत असेल तर राहू दे, मी तुझ्यावर रागावणार नाही.

तुझी,
भिंगरी


७ मार्च

चि. धाकलीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आमच्या चिमुरडीने पहिल्याच मोठ्या कामात वरिष्ठांशी वाद घातल्याचं कळलं. तिला फूस कोणाची, ते विचारत नाही. घोषणा दिल्याने त्या मृतांचं काय बिघडणार आहे? पोरीचं मात्र बिघडेल. तू जाणारच असशील तर मी सोबत येतो आणि दिग्दर्शकांना तुझ्या वतीने नीट समजावून सांगतो, म्हणजे त्यांचाही मान राहील.

तुझा दादा

ता. क. – दाढ कशी आहे? हिचे आशीर्वाद.


१० मार्च

ती. दादास शि. सा. न.

सोबत जरूर ये. बॅग उचल, तिकीट काढ, खिडकीची जागा मला दे. समजावून काही सांगू नकोस.

दाढ काढून टाकली. डॉक्टरांना हे मी स्वतः लिहून दिलं होतं.

धाकली


२१ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

परत आल्यापासून दुकानात गर्दी आहे, पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्या दिवशी जे घडलं ते तू पाहिलंस. जे पाहिलं नाहीस ते सांगते, आणि हे तुझ्यापाशीच ठेव.

तुमच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी एकेक ओळ वाचून कागदावर लिहीत होते आणि तू ती मोठ्याने सांगत होतीस. सरसेनापती मध्येच उठून पलीकडच्या खोलीत गेले, ती मोठी काच आहे तिथे. तुझे ध्वनिमुद्रणवाले दादा तिथे बसले होते. तू म्हणाली होतीस की त्या खोलीतलं इकडे काही ऐकू येत नाही. बरोबर आहे. ऐकू नाहीच आलं.

ते दादांना सांगत होते की बाई खरं वाचते आहे हे त्यांना पहिल्या ओळीलाच कळलं, आणि त्याचीच त्यांना धास्ती आहे. त्यांचे आजोबा त्याच पोलिसांत होते. राजवट गेल्यावर घरच्यांनी आजोबांचा फोटो भिंतीवरून काढला आणि त्यानंतर त्या घरात त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. म्हणून सिनेमातल्या एकाही पोलिसाला त्यांनी चेहरा ठेवला नाही, नुसत्या काठ्या आणि बूट. आता ही बाई पोलिसाचेही ओठ वाचेल, आणि तो काय बोलला ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

आरशात वाचलेलं मी आरशातच ठेवते, तुला ठाऊक आहे. पण ते परत येऊन बसले आणि त्यांचा चेहरा पाहून मला राहवेना. म्हणून मी तुला खूण करून पोलिसाचाच भाग लावायला सांगितला. मला स्वतःलाही माहीत नव्हतं काय निघेल. शिवीच निघाली असती तर तीही लिहिली असती.

मोठ्या पडद्यावर मिशांखालचा ओठ दिसला. तो म्हातारीला म्हणाला की आजी, जरा टेका, मी आडोशाला उभा राहतो. ती टेकली. तो तिच्यापुढे सरकून उभा राहिला. मग घोडे आले, आणि तोच वळून तिला म्हणाला की उठा, उठा लवकर, साहेब आले. आणि दंडाला धरून तिला ओढून उभं केलं. चांगलं जोरात ओढलं. तुझा आवाज हे वाचताना कापला असणार, कारण तुझा बाबा तुझ्याकडे बघायला लागला.

दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मी दोन्ही लिहिली. सरसेनापती उठून निघून गेले, म्हणून तुला वाटलं की सगळं फिसकटलं. मला तसं वाटत नाही. पण फिसकटलंच असेल, तर माझ्यापायी तुझं काम गेलं, आणि त्याचं मला वाईट वाटेल. लिहून ठेवलेलं मात्र मी बदलणार नाही.

तुझी,
आत्या


२८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि साष्टांग.

काल सरसेनापती आले आणि चहा त्यांनी हळू आवाजात मागितला. आम्ही सगळे घाबरलो.

ती चार मिनिटं सिनेमात जशीच्या तशी जाणार. संगीत नाही, निवेदन नाही, घोषणा नाही. खाली फक्त तू वाचलेले शब्द, आणि तू सोडलेल्या जागा रिकाम्याच. पोलिसाची दोन्ही वाक्यं राहणार. त्यानंतर येणारा, आम्ही चित्रित केलेला पोलिसांचा लाठीमारही राहणार, त्यातलं काही सौम्य करायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. फक्त त्यातल्या दोन पोलिसांचे चेहरे जे आम्ही कापले होते ते परत जोडायला सांगितले. मी कारण विचारलं नाही. तुझं पत्र नसतं तर विचारलं असतं.

माझं नाव एकटं येणार नाही. शेजारी तुझं असेल. पहिला खेळ बघायला तुला आणि बाबांना बोलावलंय.

तुझी,
भिंगरी


१९ ऑगस्ट

चि. भिंगरीस, सगळेच आशीर्वाद.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी तू मागे यंत्राच्या खोलीत होतीस, नखं खात असणार. तुला हॉलमधलं काही दिसलं नाही, म्हणून सांगते.

तुझ्या बाबाने दारावरच्या माणसाला माझ्या वतीने बरंच काही सांगितलं. मी सांगू दिलं.

आपली चार मिनिटं सुरू झाली, तेव्हा लोकांना आधी वाटलं की आवाज बिघडला. माना मागे वळल्या, एकाने शिट्टीसाठी बोटं तोंडात घातली. मग खाली पहिली ओळ आली, हात हलवला की घरी सोडतील ती, आणि बोटं तशीच राहिली. मधल्या वाटेपलीकडे बसलेल्या बाईने कागदी पुडी मांडीवर ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. भिंगरी, आयुष्यात प्रथमच मी अशा जागी बसले होते जिथे सगळे माझ्यासारखे होते. कोणालाच काही ऐकू येत नव्हतं, आणि सगळे कधी नव्हे ते ओठांकडे बघत होते. खांबाखालच्या भावाची ओळ आली आणि तुझ्या बाबाने माझा हात धरला. इतका घट्ट, की अजून बोट दुखतंय.

मी पडदा फार पाहिला नाही. तो मला पाठ आहे. मी पडद्याच्या उजेडात माणसं पाहत होते. म्हातारीने विचारलं की दाखवणार कोणाला, तेव्हा पुडीवाली बाई हळूच म्हणाली की आम्हाला, आजी. तिचं तिलाही कळलं नसेल. शेजारच्यानेही वळून बघितलं नाही, म्हणजे आवाज फुटलाच नसावा. मी वाचलं.

मग पोलीस आला. सरसेनापती आमच्याच रांगेत टोकाला बसले होते. आडोशाला उभा राहतो, ही ओळ आली आणि गेली, ते हलले नाहीत. पोलिसाने म्हातारीला ओढलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तो अजून पडद्यावर होता. तो त्यांचा कोणी होता का, ते आता कोणालाच कळणार नाही, त्यांनाही नाही. पण पडद्याकडे बघत त्यांनी आजोबांना हाक मारली. एकदाच, ओठांतल्या ओठांत. त्या अख्ख्या हॉलमध्ये ती फक्त मला ऐकू आली.

तुझी,
आत्या